लाखेचा ठिपका

यशवंत गुरवांचं पत्र श्रीरंग उकिडव्यांना तोंडपाठ होतं. पाठ करण्यासारखं त्यात काही नव्हतं. "आदरणीय सर, पेटीचं वर्ष भरत आलं. आपण कळवलंत की येतो. बाईंना नमस्कार सांगावा. तंबोरा तेवढा लावून ठेवावा." खाली सही आणि मिरजेचा पत्ता. उत्तराला पोस्टकार्डाची एक बाजूही पुरली असती.

उकिडव्यांनी उत्तर दिलं नाही. पहिल्या आठवड्यात उद्या लिहू म्हणून राहिलं. मग उशिराची सबब लिहिणं आलं, आणि ती सबब मूळ पत्रापेक्षा लांब होऊ लागली. त्यांनी लिहिलेलं फाडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. कराडच्या कॉलेजात जन्मभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस दूधवाल्याला ठेवायची चिठ्ठीसुद्धा दोनदा लिहायचा, त्यामुळे कागद फाडण्यात नवल नव्हतं. पण या खेपेला अडत होतं ते शब्दांवाचून नव्हे. गुरव यायला त्यांना नको होते.

त्याचं असं होतं. वैजयंतीबाई सकाळी रियाजाला बसत तेव्हाची मांडणी ठरलेली असे. मध्ये त्या, पुढ्यात पेटी. मागे भिंतीला टेकून उकिडवे, हातात तंबोरा. लग्न झाल्यावर बायकोच्या गाण्यात आपल्याला कुठे जागा मिळते का, हे त्यांनी लाजत लाजत चाचपून पाहिलं होतं. गळा नव्हता. ताल तर बोटांतून वाळूसारखा गळून जाई. तंबोऱ्याला मात्र चार तारा. त्या नीट लावायच्या आणि एकामागून एक छेडत राहायचं. कुणी आपल्याकडे बघत नाही. हे काम त्यांना मानवलं. फक्त त्या जागेवरून बायकोची पाठ तेवढी दिसे. पाठ, अंबाडा, आणि एखादा सूर मनासारखा लागला की किंचित हलणारी मान.

गुरव वर्षातून एकदा येत. पेटी उघडून तिचे सूर काढत, घासत, पुसत, परत बसवत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना गायला सांगत आणि स्वतः पेटी घेऊन समोर बसत. समोर, म्हणजे बाईंचा चेहरा त्यांना दिसे. गंधारावर आलं की वैजयंतीबाई मान हलवत, गुरव डोळे मिटून मान हलवत, आणि दोघांत काहीतरी ठरून गेल्यासारखं होई. काय ठरलं ते मागे बसलेल्या माणसाला कळत नसे. नवरा आपण, पण गाताना ही बाई कशी दिसते हे मिरजेच्या एका पेटीवाल्याला ठाऊक आणि आपल्याला नाही, ही गोष्ट उकिडव्यांच्या घशात बारीक काट्यासारखी अडकून बसली होती. गुरव उंच होते, मोकळं हसत, आणि त्यांची बोटं लांबसडक होती. उकिडवे आपल्या खडूने खरखरीत झालेल्या बोटांकडे बघत आणि तंबोरा छेडत राहत. आणि वर त्या माणसाने पत्रात लिहावं, तंबोरा लावून ठेवावा. जसं काही गड्याला सांगावं, पाणी तापवून ठेव.

उत्तर गेलं नाही, गुरव आले नाहीत. पेटीचे सूर हळूहळू उतरले. मग एकदा वैजयंतीबाईंनी तिच्यावर जुनं पांघरूण घातलं. तंबोराही गवसणीत गेला. पुढे कधीतरी सकाळचा रियाजही थांबला. शिकवायला येणाऱ्या दोघी मुली मोबाईलवरच्या तंबोऱ्यावर गात. उकिडव्यांना पुष्कळदा वाटे, की विचारावं. पण विचारलं तर ती पत्राचं विचारेल, या भीतीने ते वर्तमानपत्र पुढे धरत.

आणि मग कराडात नादकुंड आलं.

अल्ट्रासॉनिक सफाई तशी जुनी गोष्ट. घड्याळजी, सोनार, दातांचे डॉक्टर, यांच्याकडे ती स्टीलची लहानशी टाकी असायचीच. उकिडव्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेतही एक ठेवली होती आणि दरवर्षी पोरांना दाखवायचे. टाकीच्या बुडाशी चकत्या चिकटवलेल्या असतात. वीज दिली की त्या थरथरतात, सेकंदाला चाळीस हजार वेळा. आपला कान वीस हजारांपर्यंतच पोचतो, म्हणून आपल्याला नुसती फुसफूस ऐकू येते. पाणी मात्र त्या थरथरीने क्षणात ताणलं जातं, क्षणात दाबलं जातं. ताणलं गेलं की त्यात डोळ्यांना न दिसणारे पोकळ बुडबुडे तयार होतात, दाबलं गेलं की ते आत कोसळतात. एखाद्या वस्तूला लागून बुडबुडा कोसळला, की पाण्याची सुईसारखी धार त्या वस्तूवर आपटते. अशा असंख्य सुया जिथे ब्रशाचा केस शिरत नाही तिथे शिरतात आणि मळ उपटून काढतात. उकिडवे पोरांसमोर ॲल्युमिनियमचा पातळ कागद टाकीत धरायचे आणि तो बाहेर काढला की चाळणीसारखा झालेला असायचा. पोरं खूश व्हायची. मग ते सांगायचे, की सोनं, स्टील, काच, शस्त्रक्रियेची हत्यारं, कवळ्या, पंपांची बारीक तोंडं, हे खुशाल घाला. मोती, पोवळं, भेगाळलेला पाचू, लाकूड, डिंकाने जोडलेलं काहीही, हे घालू नका. बुडबुड्यांना मळ कुठला आणि वस्तू कुठली हे कळत नाही.

नादकुंडाला ते कळायला लागलं. एवढाच फरक, पण त्या फरकाने गावाची झोप उडवली. बुडबुडा कोसळताना आवाज करतो. तुपाच्या थरावर कोसळला तर एक, गंजावर कोसळला तर दुसरा, उघड्या पितळेवर तिसरा. टाकीत पाण्याखाली कान बसवलेले होते आणि ते लक्षावधी स्फोट वेगवेगळे ऐकून सांगत होते, की या घडीला आपण कशावर आहोत. कंपनं कमी केली की बुडबुडे मोठे आणि दांडगे, वाढवली की बारीक आणि हळुवार. म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यासारखा एकच थर उचलता येत होता, आणि खालच्याला धक्का नाही. वर प्रत्येक थर कशाचा, किती जुना, याचा अहवाल हातात.

हे वाचल्यावर उकिडव्यांना आठवलं, की प्रयोगशाळेतल्या टाकीत काच घातली आणि पत्रा घातला तर फुसफूस वेगळी येते हे आपणही ऐकलं होतं. म्हणजे ही कल्पना आपल्याला सुचली होती. मग लगेच वाटलं, सुचली असती तर आपण लिहिली नसती का? बहुतेक सुचली नसावी.

गाव मात्र नादकुंडाने वेडावलं. लोक सफाईला म्हणून येत आणि अहवालाला म्हणून थांबत. कुणाच्या मेलेल्या आजोबांच्या घड्याळाच्या पट्ट्यात घरात कुणीच न वापरणारं अत्तर निघालं आणि आजी ऐंशीव्या वर्षी जेवायची थांबली. एका सुनेच्या बांगड्या सासूने गुपचूप आणून त्यावर कुणाकुणाच्या हाताची क्रीमं आहेत ते तपासलं. एका बाईने अडून बसून आईची नथ टाकीत घालायला लावली, तिचे मोती आंधळे झाले, आणि ती भावालाच बोल लावत घरी गेली. शेवटी दुकान चालवणाऱ्या तेजश्री मोहितेने दारावर पाटी लावली: "इथे सफाई होते. संशय घरी ठेवून यावे."

उकिडवे त्या पाटीवरून दोनदा गेले आणि दोनदा परत आले.

तिसऱ्यांदा जायला कारण मिळालं ते वैजयंतीबाईंकडून. संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "या वेळी माझ्या गुरुजींची पुण्यतिथी आपल्याकडे करायची म्हणतेय. थोडी माणसं. मी गाईन."

उकिडव्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "तू?"

"का, विसरले असेन असं वाटतं?"

"तसं नाही. बरंच झालं की."

"पेटीचं काहीतरी बघायला हवं. मोबाईलवर नाही गाणार मी त्या दिवशी." गवारीची शेंग मोडत त्या थांबल्या. "नाहीतर राहू दे सगळंच."

राहू दे म्हणतानाचा आवाज उकिडव्यांना ओळखीचा होता. पेटीवर पांघरूण घालताना याच आवाजात त्या म्हणाल्या होत्या, झाकून ठेवते, धूळ बसते. आता राहिलं तर कायमचंच राहणार, हे त्यांना नीट कळलं.

"मी करून आणतो पेटी," ते म्हणाले. "ते नादकुंड आहे ना. सूर साफही करतात आणि लावूनही देतात."

"यंत्र?"

"फार अचूक असतं."

वैजयंतीबाई त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. "बघा बाई," म्हणाल्या. "तुम्हाला ठीक वाटत असेल तर."

रिक्षातून पेटी नेताना उकिडव्यांना उगाचच हलकं वाटत होतं. बायकोसाठी आपण काही करतोय हे खरंच होतं. पण त्याच्या खाली दुसरंही एक होतं. ही पेटी इतकी वर्षं त्या माणसाच्या हाताने लागत आली. प्रत्येक सुरावर त्याची घासणी, त्याची बोटं. आता त्यावरून लक्षावधी सुया फिरतील आणि सगळं लख्ख होईल.

तेजश्री मोहिते तिशीची, चष्मेवाली, चटपटीत मुलगी होती. तिने पेटी उघडली आणि म्हणाली, "सर, लाकूड आणि चामडं नाही हं घालत मी. नुसते सूर."

"माहिती आहे," उकिडवे म्हणाले, आणि उगाच पुढे म्हणाले, "मी शिकवायचो हे."

"मग तुमच्यासमोर मी काय बोलू? चुकले तर सांगा."

पेटीचा सूर म्हणजे पितळेची एक अरुंद जीभ, एका टोकाला पक्की, दुसऱ्या टोकाला मोकळी. भात्याची हवा तिच्यावरून गेली की ती थरथरते आणि वाजते. जीभ जड झाली की सूर उतरतो, हलकी झाली की चढतो. तेजश्रीने एकेक सूर सोडवून जाळीत मांडला आणि जाळी टाकीत उतरवली. पडद्यावर रंगीत पट्टे उमटू लागले.

"ही धूळ. हे हिरवं म्हणजे पितळेचा गंज, तुमच्याकडे ओल दिसते. हा उदबत्तीचा धूर." ती वाचत गेली. पाण्यातून गढूळ धुरासारखे ढग सुटत होते आणि खाली पितळ उजळत होतं. उकिडव्यांना ते बघणं आवडलं. एकेक वर्ष सुटून जात होतं.

मग तिने यंत्र थांबवलं.

"सर, हे काय आहे? या दोन सुरांवरच. पांढरी एकचे, मधल्या सप्तकातले. टोकाला लाख आहे."

"लाख?"

"लाखेचा ठिपका. मोहरीपेक्षा लहान. मळ नाही हा, मुद्दाम ठेवलेला आहे." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "आणि एकदा नाही ठेवलेला. बघा, थरावर थर. दर वर्षाच्या धुळीवर नवा हात दिलाय, अगदी जरासा. झाडाच्या खोडात कडी असतात ना, तसं."

वैजयंतीबाई काळी चार पट्टीत गात. त्या पट्टीत पांढरी एक म्हणजे गंधार.

उकिडव्यांच्या कानशिलाशी काहीतरी तापलं. बाकी सगळ्या पेटीला एक न्याय, आणि गंधाराला दुसरा. त्याच गंधारावर दोघं माना हलवायचे. म्हणजे त्यांना वाटत होतं ते नुसतं वाटत नव्हतं. दरवर्षी येऊन हा माणूस त्यांच्या घरात, त्यांच्या देखत, बायकोच्या एका सुरावर आपली खूण ठेवून जात होता, आणि ते मागे बसून तारा छेडत होते.

"घासून सूर खाली आणता येतो की," ते म्हणाले. "लाख कशाला?"

"घासलं की धातू गेला, तो परत येत नाही. लाख कधीही काढता येते. बिघडू नये म्हणून केलं असणार." तेजश्री पडद्याकडे बघत राहिली. "जिवापाड केलंय कुणीतरी, सर. एवढं हलकं बोट यंत्रालाही जमत नाही. ठेवू ना हा?"

जिवापाड हा शब्द तिने सहज वापरला. तिचा काही दोष नव्हता.

"काढा," उकिडवे म्हणाले.

"तुमच्या घरी विचारून बघता का? कारण पट्टीचा हिशेब बदलेल. मी सूर लावून देईन, पण माझं यंत्र सगळे बारा सूर सारख्या अंतरावर लावतं. याने काहीतरी वेगळं धरलेलं दिसतंय."

"सारख्या अंतरावरच लावा. शास्त्र तेच सांगतं ना?"

त्यांचा आवाज त्यांच्याच कानाला परका लागला. आयुष्यात ते दुकानदाराशी असं ठणकावून कधी बोलले नव्हते. तेजश्रीने खांदे उडवले, कंपनांचा आकडा वाढवला, पाण्यातून बारीक फुसफूस आली आणि पडद्यावरचे दोन तांबूस ठिपके एका कडेने विरत विरत नाहीसे झाले. पाणीसुद्धा गढूळ झालं नाही, एवढी थोडी होती ती लाख.

घरी पेटी उघडल्यावर वैजयंतीबाईंनी लहान मुलीसारखे दोन्ही हात एकत्र धरले. "अगंबाई, नवी कोरी दिसते की." त्यांनी भाता ओढला, षड्ज दाबला. आवाज घंटेसारखा स्वच्छ आला. पंचम आला, मध्यम आला. उकिडवे दारात उभे होते. आता आपण केलेलं आहे हे, असं त्यांच्या मनात येत होतं, आणि कितीतरी वर्षांनी छाती जराशी फुगली होती.

वैजयंतीबाई गायला लागल्या. षड्ज, ऋषभ, आणि गंधारावर येऊन थबकल्या. पुन्हा खालून आल्या, पुन्हा थबकल्या.

"टोचतोय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"गंधार टोचतोय हो. चढा आहे." त्यांनी पट्टी दाबून धरली. "हा माझा नाही."

"यंत्राने लावलाय. यंत्र चुकत नाही."

"चुकला म्हणत नाहीये मी. माझा नाही म्हणतेय." त्यांनी गाऊन पाहिलं, थोडं खाली, थोडं वर, आणि गळा पेटीपासून सुटून एकटाच भरकटला. तो आवाज ऐकून उकिडव्यांना दारात उभं राहवेना. वैजयंतीबाईंनी भाता सोडला. हात मांडीवर ठेवले. "राहू दे. मुलींना गाऊ दे त्या दिवशी. माझं वयही झालंय."

"असं लगेच काय."

"मग तंबोरा काढा," त्या एकदम म्हणाल्या. "मोबाईल नको. आपला काढा. बघू दे मला, माझाच कान गेलाय का ते."

गवसणीवर धूळ होती. उकिडव्यांनी तंबोरा बाहेर काढला, तारा पुसल्या, खुंट्या पिळल्या. इतक्या वर्षांनी लागेल असं त्यांना वाटत नव्हतं, पण बोटांनी सवयीने काम केलं. पंचम, जोड, आणि शेवटी खर्जाची जाड तार. तारेखालचा जवारीचा दोरा नखाने सरकवता सरकवता एका जागी तार उमलली. ते नेहमीच्या भिंतीला टेकले आणि छेडू लागले. समोर पाठ होती. अंबाडा आता पांढरा झाला होता.

थोड्या वेळाने खर्जाच्या तारेतून तो वर आला. तंबोरा नीट लागला की येतोच. कुणीही न छेडलेला, कुठल्याच तारेवर न लावलेला गंधार, वाफेसारखा वर तरंगणारा. गाणारे त्याला स्वयंभू म्हणतात. उकिडवे पोरांना सांगायचे, त्यात जादू काही नाही: तार अखंड थरथरते तशी तिच्या दोन भागांत, तीन भागांत, पाच भागांतही थरथरते, आणि त्या पाचव्या थरथरीचा सूर म्हणजे हा गंधार.

"आता पेटीचा ऐका," वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि पांढरी एक दाबली.

दोन गंधार एकमेकांवर आदळले. घरघर झाली, पायाला मुंग्या याव्या तशी, सेकंदाला चारेक ठोके. दोन सूर थोडे वेगळे असले की असे ठोके पडतात, हेही ते फळ्यावर गणित मांडून शिकवत. बारा सूर सारख्या अंतरावर लावले की पेटीचा गंधार निसर्गाच्या गंधारापेक्षा जरासा चढा राहतो. किती, तेही त्यांना पाठ होतं. मोहरीएवढ्या लाखेने उतरेल इतका.

त्यांचा हात तारेवर थांबला.

"तो उतरवून ठेवला होता," ते हळूच म्हणाले. "याच्याशी मिळवून."

"मग काय तर," वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "तुम्हाला माहीत नव्हतं? पेटी लावून झाली की गुरव डोळे मिटून बसायचे. मला हळूच म्हणायचे, बाई, तुम्ही जरा थांबा, सरांचा गंधार येऊ द्या. मग पेटी उघडायचे, ठिपका द्यायचे, परत ऐकायचे. अर्धा अर्धा दिवस. म्हणायचे, मिरजेत शंभर तंबोरे वाजतात, पण असा गंधार कुणाच्या खर्जातून येत नाही. सर लाजतात म्हणून त्यांच्या तोंडावर बोलत नाही मी."

मग उकिडव्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनाच पोरकट वाटलं. "आणि तू मान हलवायचीस ती?"

"कुठली मान?"

"गंधारावर. त्यांच्याकडे बघून."

आता मात्र वैजयंतीबाई वळल्या. पूर्ण वळल्या, पेटीकडे पाठ करून. "अहो, मागून तो गंधार आला की हलायची ती. डोळे मिटलेले असायचे माझे. मला काय दिसणार, गुरवांचं डोकं?"

उकिडवे तंबोऱ्याच्या भोपळ्याकडे बघत राहिले.

"ती लाख कुणी काढली?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"मी सांगितलं काढायला."

"हं." वैजयंतीबाईंनी पदराने पेटीची कड पुसली, जिथे पुसायला काहीच नव्हतं. "पत्राला उत्तर का नाही दिलंत ते आत्ता कळलं मला."

उकिडव्यांनी मान वर केली.

"पोस्टमनने माझ्या हातात दिलं होतं ते. मीच तुमच्या टेबलावर ठेवलं. वाट बघितली. मग वाटलं, तुम्हाला माझं गाणं नकोसं झालं असणार. तोंडाने बोलायचा तुमचा स्वभाव नाही. म्हणून मीच झाकून ठेवली पेटी." त्यांचा आवाज साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "एवढी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही कंटाळलात. आणि तुम्ही बसला होतात जळत."

यावरचं उत्तर उकिडव्यांना चार मसुद्यांनंतर सुचलं असतं. पेटीवर पांघरूण पडलं ते दिसत होतं त्यांना. त्या पांघरुणाखाली काय गेलं ते त्यांनी कधी मोजलं नव्हतं. आपल्याला डावललं जातंय म्हणून जो सूर त्यांनी पुसून टाकला, तो त्यांचाच होता. आणि तो ऐकायला एक माणूस मिरजेहून येत होता.

दुसऱ्या दिवशी ते तेजश्रीकडे गेले. तिने नोंद काढून दाखवली. लाखेचं वजन यंत्राला माहीत होतं, जागा माहीत होती. "तेवढीच परत बसवते, सर. पण सांगते, जमणार नाही. तेव्हा सुरावर गंज होता, धूळ होती, त्या सगळ्याला धरून ती लाख होती. आता पितळ हलकं झालंय. किती लावायची ते ऐकूनच ठरवायला लागेल. आणि ऐकायचं कशाशी मिळवून, ते मला काय माहीत?"

"मला माहीत आहे," उकिडवे म्हणाले. "पण माझा हात नाही तेवढा हलका."

घरी येऊन त्यांनी विचारलं, "आहेत का गुरव?"

"आहेत की," वैजयंतीबाई म्हणाल्या. "त्यांची सून दिवाळीला फोन करते मला. कानाला यंत्र लावलंय म्हणे, पण सूर कळतो."

उकिडव्यांना पुन्हा ते बारीकसं टोचलं. दिवाळीला फोन, आणि आपल्याला पत्ता नाही. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. हा काटा काही लगेच निघणार नव्हता, आणि त्यासाठी कुठलं कुंड निघालेलं नव्हतं.

"मग फोन करून तूच बोलाव ना त्यांना. पुण्यतिथी आलीच की."

"मी कशी बोलावू? त्यांनी विचारलं होतं तुम्हाला. घरच्या कर्त्या माणसाने या म्हटल्याशिवाय गुरव पेटीला हात लावत नाहीत. त्यांची रीत आहे ती."

मग उकिडवे टेबलाशी बसले. पहिल्या कागदावर उशिराबद्दल क्षमा मागून झाली आणि पान भरलं. तो फाडला. दुसऱ्यावर नादकुंड कसं चालतं ते सविस्तर आलं, बुडबुड्यांसकट. तो फाडला. तिसऱ्यावर त्यांनी गुरवांना त्या मान हलवण्याविषयी सगळं खरंखरं लिहिलं, एकदा वाचलं, आणि लाजेने कान तापून तोही फाडला. आतून रियाजाचा आवाज आला. वैजयंतीबाई पेटी न घेता गात होत्या, आणि गंधारावर आल्या की थांबत होत्या, मागून कुणी येईल म्हणून वाट बघितल्यासारख्या.

उकिडव्यांनी पोस्टकार्ड घेतलं. त्या छोट्या जागेत जेवढं मावेल तेवढंच लिहायचं असं ठरवलं, आणि आश्चर्य म्हणजे एका फटक्यात लिहून झालं.

गावात पत्राची पेटी आता एकच उरली होती, मोठ्या पोस्टाच्या भिंतीला, तीही रंग उडालेली. तिच्यासमोर उभं राहून त्यांनी कार्ड पुन्हा वाचलं. एक स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला होता. घरी जाऊन नवं लिहावं का, असं त्यांच्या मनात आलं. मागे एक बाई पाकीट घेऊन थांबली होती. ती म्हणाली, "काका, टाकताय ना?"

"टाकतो," उकिडवे म्हणाले, आणि टाकलं. आत कुठेतरी ते पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला.

त्यावर लिहिलं होतं: "प्रिय यशवंतराव, तुमच्या गंधारावरची लाख मी काढून टाकली आहे, पेटी गात नाही. या. तंबोरा लावून ठेवला आहे."